आत्मघाती बॉम्बर 'आपला' असतो तेव्हा: सायफाय सिरीयल्स दहशतवाद कसा दाखवतात

एक सीन सांगतो. परग्रहावरची एक दरिद्री तंबूंची वस्ती, सगळीकडे चिखल. शत्रूने वस्ती ताब्यात घेतलीय आणि स्थानिक लोकांमधूनच नवीन पोलिस दल उभं केलंय. त्या पोलिसांच्या पासिंग आऊटचा कार्यक्रम आहे, पोरं गणवेशात उभी आहेत, आणि त्यांच्यातच डक नावाचा एकजण आहे जो आधी फायटर पायलट होता. निघायच्या आधी त्याने देवाची प्रार्थना केलीय, मेलेल्या बायकोला मनातल्या मनात सांगितलंय की लवकरच भेटू. मग तो कपड्यांत लपवलेल्या बॉम्बचं बटण दाबतो.

हा सीन ऑक्टोबर 2006 मध्ये अमेरिकन टीव्हीवर दाखवला गेला. अमेरिकन टीव्हीवर, अमेरिकन प्रेक्षकांसाठी, इराकमध्ये अमेरिकेचं सैन्य बसलेलं असताना आणि तिथल्या पोलिस भरतीच्या रांगांवर खरोखरचे आत्मघाती हल्ले होत असताना. आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द चुकीचा आहे पण असो) डक हा व्हिलन नाहीये. तो 'आपल्या' बाजूचा आहे. दोन सीझन आपण ज्यांच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो त्या लोकांपैकी तो एक.

सिरीयल होती 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', 1978 ची जुनी नाही, 2003 मध्ये मिनीसिरीज म्हणून सुरू होऊन 2009 ला संपलेली नवी. ज्यांनी पाहिली नाही त्यांना पुढे भरपूर स्पॉयलर लागणार आहेत, आत्ताच सांगून ठेवतो.

आता प्रश्न असा की हे असलं काही दाखवायला यंत्रमानव, अंतराळयानं वगैरे कशाला लागतात? सरळ इराकवर सिरीयल काढा की. तर नाही निघत. म्हणजे निघते, पण 2006 साली इराकी बॉम्बरला हिरो करणारी सिरीयल कुठल्या चॅनलने घेतली असती? आणि घेतली असती तरी प्रेक्षकाने पहिल्या पाच मिनिटांत ठरवून टाकलं असतं की हा आपला आणि तो शत्रू, मग बाकीचं त्याच्या डोक्यात शिरलंच नसतं. रूपकाचा उपयोग इथे होतो. नावं बदलली, ग्रह बदलला की माणूस आपला झेंडा दाराबाहेर ठेवून आत येतो.

मराठी माणसाला हे नवीन नाहीये खरं तर. कृ. प्र. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. महाभारतातली गोष्ट, कीचक द्रौपदीची छळवणूक करतो आणि भीम त्याला मारतो, यात सरकारने हरकत घेण्यासारखं काय आहे? पण थिएटरमधल्या प्रत्येकाला कळत होतं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. इंग्रज सरकारलाही कळायला थोडा वेळ लागला पण कळलं, आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. राजकीय हत्येवरचं नाटक होतं ते, सरळ बोलायचं तर. सायफाय सिरीयलवाले हेच करतात, फक्त त्यांच्याकडे महाभारत नाही म्हणून ते परग्रह वापरतात.

अमेरिकेत सेन्सॉरचं काम बऱ्याचदा जाहिरातदार करायचे. रॉड सर्लिंग नावाचा लेखक 1950 च्या दशकात वर्णद्वेषावर टीव्ही नाटकं लिहायचा आणि स्पॉन्सर ती पार मिळमिळीत करून टाकायचे. शेवटी त्याने 1959 मध्ये 'द ट्वायलाइट झोन' सुरू केली आणि जे माणसांच्या तोंडी घालता येत नव्हतं ते परग्रहवासीयांच्या तोंडी घातलं. तेव्हापासून ही वाट मळलेली आहे.

पण 'कीचकवध'मध्ये आणि 'बॅटलस्टार'मध्ये एक मोठा फरक आहे आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. 'कीचकवध'मध्ये कोण कोण आहे हे पक्कं आहे. कीचक म्हणजे कर्झन, विषय संपला, टाळ्या वाजवा. बॅटलस्टारमध्ये तुम्ही असं जुळवायला बसलात की गाडी अडते. त्यावर येतोच, पण त्याआधी ज्या एपिसोडमध्ये हे अर्धवट जमलं होतं तो बघू.

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा 'द हाय ग्राउंड' नावाचा एपिसोड, जानेवारी 1990. रुटिया नावाच्या ग्रहावर अन्साटा नावाचा गट स्वातंत्र्य मागतोय, म्हणजे कॅफेमध्ये बॉम्ब फोडतोय. जखमींना मदत करायला थांबलेल्या, एंटरप्राइझ या आपल्या नायकांच्या यानावरच्या डॉक्टर क्रशरला ते पळवून नेतात. त्यांचा म्होरक्या फिन तिला सांगतो की सेनापती आणि दहशतवादी यांच्यात फरक एवढाच की एक जिंकलेला असतो आणि दुसरा हरलेला, आणि वर जॉर्ज वॉशिंग्टनचा दाखला देतो. असं उत्तर, अमेरिकन टीव्हीवर, 1990 मध्ये! पण खरा गोंधळ झाला तो दुसऱ्याच एका वाक्याने. डेटा, म्हणजे यानावरचा माणसासारखा दिसणारा रोबोट, कॅप्टन पिकार्डला विचारतो की हिंसेने राजकीय बदल झाल्याची उदाहरणं तर इतिहासात आहेत, आणि उदाहरणांमध्ये सहज म्हणून टाकतो, 2024 मधलं आयर्लंडचं एकीकरण.

झालं. त्यावेळी याच एकीकरणावरून ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये मुडदे पडत होते. ब्रिटनमध्ये तर 1988 पासून नियमच होता की शिन फेन (एकीकरण मागणारा पक्ष) आणि तत्सम संघटनांच्या लोकांचा आवाज टीव्ही-रेडिओवर ऐकवायचा नाही, मग चॅनलवाले काय करायचे तर त्या नेत्याचा चेहरा दाखवायचे आणि त्याचे शब्द एखाद्या नटाच्या आवाजात डब करायचे, हे 1994 पर्यंत चाललं. अशा ठिकाणी तो एपिसोड जसाच्या तसा दाखवणार कोण? ब्रिटनमध्ये तो कित्येक वर्षं पूर्ण दाखवलाच गेला नाही. एका रोबोटचं एक वाक्य. बाकी अख्ख्या एपिसोडमध्ये बॉम्ब, अपहरण, पोलिसांची दडपशाही सगळं चाललं असतं, कारण ते रुटियावर होतं. रूपकाने मधेच मुखवटा काढला आणि खऱ्या जागेचं खरं नाव घेतलं, तिथे अडलं. (2024 मध्ये एकीकरण काही झालं नाही, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत शिन फेनच्या मिशेल ओनील उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर झाल्या, त्यामुळे नेटवर त्या वाक्याचे मीम मात्र जोरात फिरले.)

एपिसोड म्हणून 'द हाय ग्राउंड' मला ठीकठाकच वाटतो. कारण त्यात आपली माणसं, म्हणजे एंटरप्राइझवाली, बाहेरची आहेत. भांडण दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आपण पाहुणे, दोन्ही बाजू चुकताहेत बघा असं म्हणून हळहळायचं आणि यानात बसून निघून जायचं. शेवटी एक पोरगं बंदूक खाली ठेवतं आणि सगळे आशेने बघतात. सोयीचं आहे सगळं.

ही सोय मोडली ती स्टार ट्रेकच्याच 'डीप स्पेस नाइन'ने, 1993 पासून. यात मेजर कीरा ही मुख्य पात्रांपैकी एक आहे आणि ती पूर्वाश्रमीची दहशतवादी आहे. ती स्वतःच तसं म्हणते, आडून नाही. तिच्या बजोर ग्रहावर कार्डेशियन लोकांनी 50 वर्षं कब्जा केला होता, छावण्या, खाणी, वेठबिगारी, आणि ती लहान वयातच बंडखोरांच्या टोळीत गेली. बघताना कुणाला पॅलेस्टाइन दिसतं, कुणाला नाझींच्या ताब्यातला युरोप, आणि आपल्यासारख्यांना आपलं काहीतरी दिसतं. बजोर म्हणजे अमुकच असं ठरवता येत नाही आणि ते बरं आहे.

जानेवारी 1997 चा 'द डार्कनेस अँड द लाइट' हा एपिसोड तर प्रत्येकाने बघावा असा आहे. कीराच्या जुन्या टोळीतले लोक एकेक करून मारले जाताहेत. शेवटी मारेकरी सापडतो, तर तो कोण? कार्डेशियन अधिकाऱ्याच्या घरात गणवेश धुणारा, इस्त्री करणारा नोकर. कीराच्या टोळीने त्या अधिकाऱ्याच्या घरात बॉम्ब ठेवला होता, त्यात अधिकाऱ्याचं कुटुंब गेलं आणि ह्याचा अर्धा चेहरा गेला. तो तिला सांगतो की मी बघ, फक्त दोषी माणसंच मारली, आजूबाजूच्या एकालाही धक्का लागू दिला नाही, तुला जमलं होतं का हे? आता लेखकाने तिच्याकडून माफी मागवली असती तर आपण सगळे डोळे पुसून झोपायला गेलो असतो. कीरा माफी मागत नाही. ती खुर्चीला बांधलेली आहे, गरोदर आहे, आणि ओरडून सांगते की तुम्ही सगळेच्या सगळे आमच्या जमिनीवर होतात, तू गणवेश धूत होतास की बंदूक चालवत होतास याने मला फरक पडत नव्हता. म्हणजे आपली आवडती नायिका एका धोब्याला सांगतेय की तू टार्गेट होतास. आणि ती हे चार वर्षं आपल्या मनात घर करून झाल्यावर सांगतेय. पटकथा लिहिणाऱ्याचं नाव रोनाल्ड डी. मूर. हाच माणूस पुढे बॅटलस्टार करणार होता, आणि 'द हाय ग्राउंड' बनत होता त्या सीझनला तो स्टार ट्रेकमध्ये नवीनच आला होता.

डीप स्पेस नाइनचीच दुसरी एक जोडी आहे, 'होमफ्रंट' आणि 'पॅराडाइज लॉस्ट', जानेवारी 1996. यात विषय बॉम्ब टाकणाऱ्यांचा नाहीये, बॉम्बनंतर आपण काय करतो त्याचा आहे. पृथ्वीवर अँटवर्पला एका परिषदेत स्फोट होतो, 27 मरतात, आणि करणारे कोण तर कुठलंही रूप घेऊ शकणारे चेंजलिंग. म्हणजे शेजारी बसलेला कुणीही असू शकतो. मग सुरू होतात रक्ताच्या तपासण्या, आधी सैनिकांच्या, मग त्यांच्या घरच्यांच्या. सिस्को हा त्या सिरीयलचा नायक, त्याचे वडील न्यू ऑर्लिन्सला हॉटेल चालवतात, आणि म्हातारा हट्टाला पेटतो की मी रक्त देणार नाही, मी सैन्यात नोकरीला नाही, माझा काय संबंध. बापलेकाची जुंपते, त्या तावातावात भाजी चिरताना म्हाताऱ्याचं बोट कापतं. आणि सिस्को त्या सुरीवरच्या रक्ताकडे बघतो. मदतीला धावायच्या आधी तो बघतो की रक्ताचं रूप बदलतंय का. बापाच्या हे लक्षात येतं. एवढंच. काही सेकंदांचा शॉट असेल, पण संशयाचं वातावरण माणसाचं काय करतं ते त्यात आहे. पुढे कळतं की पृथ्वीवर सगळे मिळून चारच चेंजलिंग होते, आणि वीज घालवण्याचा जो प्रकार झाला तो तर आपल्याच एका ॲडमिरलने लोकांना घाबरवायला केला होता. हे 9/11 च्या साडेपाच वर्षांपेक्षाही आधीचं आहे. त्यात भविष्यवाणी वगैरे काही नव्हती, घाबरलेलं सरकार काय करतं याची उदाहरणं त्याआधीही ढीगभर होतीच, आपल्याकडे 1919 चा रौलट कायदा आठवा.

9/11 नंतर मात्र चित्र बदललं. स्टार ट्रेकच्याच 'एंटरप्राइझ' सिरीयलमध्ये 2003 ला एक परकीय हल्ला दाखवला, फ्लोरिडापासून व्हेनेझुएलापर्यंत पट्टा जळून जातो, 70 लाख मरतात, आणि मग कॅप्टन आर्चर सूड घ्यायला निघतो, वाटेत एका कैद्याला हवेशिवाय कोंडून माहिती काढतो. इथे रूपक जरा जास्तच सरळ आहे, हल्ला म्हणजे न्यूयॉर्क, आपण म्हणजे आपण. काही भाग चांगले आहेत, पण बघताना कुठेही खुर्ची टोचत नाही.

तर आता परत बॅटलस्टारकडे. सुरुवातीला तीही तशीच सुरू होते. सायलॉन नावाचे माणसांनीच बनवलेले यंत्रमानव एका दिवसात 12 वसाहतींवर अणुबॉम्ब टाकतात, अब्जावधी मरतात, साधारण 50 हजार वाचतात आणि यानांमधून पळत राहतात. सायलॉन आता हुबेहूब माणसासारखे दिसतात, एका देवाला मानतात आणि त्याच्या इच्छेने आम्ही हे केलं म्हणतात. माणसं अनेक देव मानतात. (हे उलटं करणं मला फार आवडलं, अमेरिकन प्रेक्षकाला अनेकदेववादी माणसांच्या बाजूने बसवलंय. आपल्याला ते विशेष वाटत नाही, त्यांना वाटत असणार.) त्यामुळे पहिल्या सीझनमध्ये सरळ हिशोब लागतो की सायलॉन म्हणजे अल कायदा आणि माणसं म्हणजे अमेरिका.

पण तिथेही चिमटे चालू होतात. एक सायलॉन पकडला जातो, सांगतो की ताफ्यात कुठेतरी अणुबॉम्ब ठेवलाय. स्टारबक, म्हणजे सगळ्यांची लाडकी पायलट, त्याची चौकशी करते, म्हणजे त्याचं डोकं पाण्याच्या बादलीत पुन्हापुन्हा बुडवते. 2004 च्या शेवटी आलेला एपिसोड आहे, इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगासमोर आले होते. बॉम्ब नसतोच. आणि तो यंत्र आहे की त्याला दुखतंय, हे स्टारबकलाही शेवटी नक्की सांगता येत नाही.

मग दुसऱ्या सीझनच्या शेवटाला मूर आणि कंपनीने पटच फिरवला. माणसं एका ओसाड ग्रहावर, न्यू कॅप्रिकावर, वस्ती करतात, एक वर्ष जातं आणि सायलॉन येतात. यावेळी ते मारायला येत नाहीत, राज्य करायला येतात. म्हणतात आमची चूक झाली, आता आपण गुण्यागोविंदाने राहू, तुमच्याच निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला खुर्चीवर ठेवतो, तुमच्याच पोरांचं पोलिस दल करतो, फक्त तुम्ही नीट वागा. आणि मग नीट न वागणाऱ्यांसाठी तुरुंग, रात्री तोंडाला काळे मुखवटे बांधून घरं फोडणारे तेच पोलिस, यादी करून ट्रकमधून नेलेली माणसं.

म्हणजे ज्या अमेरिकन प्रेक्षकाने दोन सीझन स्वतःला माणसांच्या जागी बसवलं होतं तो आता कुठे बसलाय? बगदादमध्ये. उठताही येत नाही, कारण सगळी ओळखीची माणसं तिथेच आहेत. आणि फक्त बगदाद नाही, नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्सचं व्हिशी सरकारही त्यात आहे, वेस्ट बँकही आहे. मराठी वाचकाला तर 1897 चं पुणं आठवल्याशिवाय राहणार नाही. प्लेगच्या नावाखाली घरात घुसणारे सोल्जर, 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळ्या, आणि मग चापेकरांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंचा 1899 मधला खून. न्यू कॅप्रिकावरही हा शेवटचा भाग जसाच्या तसा येतो, त्याबद्दल पुढे.

बंडखोरांचा म्होरक्या कर्नल टाय. तुरुंगात त्याचा एक डोळा गेलाय, दारू आणि चीड यावर चाललाय. आत्मघाती हल्ल्याची कल्पना त्याची. टायरल नावाचा मेकॅनिक त्याला अडवतो, म्हणतो काही गोष्टी करायच्या नसतात, आपण कुणाच्या बाजूने आहोत? टायचं उत्तर असं की मी दोन लढायांमध्ये माणसांना मरायला पाठवलंय, ते विमानात बसून मेले काय आणि परेडच्या मैदानावर चालत जाऊन मेले काय, मेले ते मेलेच. पहिल्यांदा ऐकलं की पटतं, हा त्याच्यातला धोका आहे. थोडा विचार केला की लक्षात येतं की त्याने फक्त मरणाऱ्या आपल्या माणसाचा हिशोब सांगितला, ज्यांच्यात जाऊन तो फुटणार आहे त्यांचा शब्दही काढला नाही.

आणि इथे एक फार चलाख गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. सायलॉन मरत नाहीत. शरीर नष्ट झालं की त्यांची जाणीव दुसऱ्या तयार शरीरात डाउनलोड होते. म्हणजे डकच्या बॉम्बने कायमचे कोण मेले? फक्त माणसं. पोलिसात भरती झालेली पोरं, जी त्याच तंबूंमधून आली होती. ज्या राष्ट्राध्यक्षाला, बाल्टारला, मारायचं होतं तो तर आलाच नव्हता. पुढे बाल्टार तुरुंगात रॉसलिनला भेटायला येतो. रॉसलिन माजी राष्ट्राध्यक्ष, सिरीयलची सगळ्यात सुजाण व्यक्ती. बाल्टार हा पळपुटा, खोटारडा, लंपट, पण तो तिला विचारतो की माझ्या डोळ्यात बघून सांग, हे असं पोरांना पाठवणं तुला मान्य आहे? तिला नाही सांगता येत. योग्य प्रश्न चुकीच्या माणसाच्या तोंडी घातलाय, ते लेखकाचं कसब.

मला स्वतःला हा भाग बघताना दोन्हीकडून ओढल्यासारखं होतं. कारण तो अमेरिकेत दाखवला गेला त्याच्या तीन महिने आधी, 11 जुलै 2006 ला, मुंबईत लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट झाले होते, 180 पेक्षा जास्त माणसं ऑफिसातून घरी येताना गेली. ज्याच्या घरचं कुणी त्या संध्याकाळी वेस्टर्न लाइनवर होतं त्याला डकची प्रार्थना दाखवून काय सांगणार? काहीच नाही. पण मग लोकल आणि न्यू कॅप्रिका एकच नाहीये, तिथे कब्जा होता, इथे कुणाचा कब्जा होता, असं मी लगेच मनातल्या मनात वाद घालायला लागतो, आणि डब्यात बसलेल्या माणसाला या वादाशी काय देणंघेणं, हेही कळतं. सिरीयल याचं उत्तर देत नाही. तुमचा वाद तुमच्याशी लावून देते आणि पुढच्या सीनला जाते.

रूपक फाटतं ते कुठे, हेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसता फॅन ठरेन. सायलॉनांनी आधी जवळजवळ अख्खी मानवजात मारलेली आहे. इराकवर हल्ला करण्याआधी अमेरिकेने इराकचा वंशसंहार केला नव्हता. त्यामुळे न्यू कॅप्रिकाच्या माणसांना जी सहानुभूती आपोआप मिळते ती कुठल्याही खऱ्या बंडाला एवढ्या स्वस्तात मिळत नाही, तिथे बघणाऱ्याला आधी इतिहास वाचावा लागतो. शिवाय नायकांना वाचवायला शेवटी गॅलॅक्टिका ही त्यांची युद्धनौका आकाशातून येते, चार एपिसोडमध्ये सगळे सुटतात. खरी माणसं अशी सुटत नाहीत.

पण सुटका झाल्यावर सिरीयल जे करते त्यासाठी मी तिला हे सगळं माफ करतो. पुढच्याच 'कोलॅबोरेटर्स' नावाच्या एपिसोडमध्ये सहा माणसांचं गुप्त कोर्ट बसतं आणि शत्रूला मदत केलेल्यांना एकेकाला एअरलॉकमधून अंतराळात फेकलं जातं. सुरुवातीलाच जॅमरचा नंबर लागतो, तो पोलिसात गेलेला एक साधा पोरगा, आपल्याच माणसांच्या हातात पोलिसी राहिली तर कमी लोक मरतील असं वाटून गेलेला. तो गयावया करतो, टायरलला सांगतो की अरे तुझ्या बायकोला गोळ्या घालायला नेलं होतं तेव्हा मीच तिला पळवून लावलं. खरं असतं ते. टायरल, तोच मेकॅनिक जो आत्मघाती हल्ल्याला विरोध करत होता, कोर्टात बसलेला आहे. जॅमर जातो.

2009 च्या मार्चमध्ये, सिरीयल संपायच्या आठवड्यात, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात बॅटलस्टारवर चक्क चर्चासत्र झालं. सूत्रसंचालन अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग, मूर आणि डेव्हिड ईक हे निर्माते, एडवर्ड जेम्स ऑल्मॉस आणि मेरी मॅकडॉनेल हे कलाकार, आणि विषय मानवी हक्क, युद्धातली मुलं, दहशतवाद, समेट. ज्या इमारतीत दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या आजवर ठरलेली नाही तिथे! सायफाय म्हटलं की नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवायला बरं असतं.

रूपक फसतं तेव्हा कसं दिसतं याचं उदाहरण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश सिरीयलमध्ये आहे, 31 ऑक्टोबर आणि 7 नोव्हेंबर 2015 चे दोन झायगॉन एपिसोड. दोन कोटी झायगॉन, म्हणजे परग्रहवासी, माणसाचं रूप घेऊन पृथ्वीवर गुपचूप स्थायिक झालेत, बहुतेक सगळे शांततेत, पण तरुणांचा एक गट बंड करतो, ओलिसांचे व्हिडिओ काढतो, मागे झेंडा बिंडा, सगळं आयसिसच्या व्हिडिओंसारखं. डॉक्टरचं काम करणाऱ्या पीटर कॅपल्डीचं युद्धावरचं लांबलचक भाषण आहे शेवटी, ते अफाट आहे, वाद नाही. पण स्थलांतरित म्हणजे आपलं रूप चोरून आपल्यात मिसळलेले परके, ही प्रतिमा कितीही चांगल्या हेतूने वापरली तरी ती कुणाला सोयीची आहे ते बघा. शेवटी उपाय काय तर सगळ्यांनी गपचूप माणसांसारखं दिसत राहायचं. पुढच्याच शुक्रवारी, 13 नोव्हेंबरला, पॅरिसमध्ये हल्ले झाले आणि ते एपिसोड अजूनच अवघड वाटायला लागले.

अलीकडचं म्हणाल तर 'अँडोर', 2022 आणि 2025. स्टार वॉर्सच्या दुनियेतली, पण जादूची तलवार वगैरे नाही, नुसत्या मीटिंगा. लूथेन नावाचा बंडखोरांचा सूत्रधार स्वतःचा एक हेर वाचवायला मित्रगटाची 30 माणसं सापळ्यात जाऊ देतो, माहीत असून. आणि दुसऱ्या बाजूला साम्राज्याचे अधिकारी टेबलाभोवती बसून ठरवतात की घोरमन नावाचा ग्रह खनिजासाठी खणायचाय, लोक तर मधे येणार, मग काय करावं? डेड्रा मीरो नावाची अधिकारी सुचवते की तिथे असं बंड पाहिजे जे ऐनवेळी नक्की चुकीचं काहीतरी करेल, याची आपल्याला खात्री असेल. म्हणजे दहशतवादी नसतील तर वाढवा, थोडी शस्त्रं मिळू द्या. मग चौकात निदर्शनं, साम्राज्याचाच स्नायपर साम्राज्याच्याच एका सैनिकाला टिपतो आणि त्या निमित्ताने कत्तल. 'होमफ्रंट'मधला ॲडमिरल इथे अख्खं खातं झालाय. बॅटलस्टारने विचारलं की तुम्ही बॉम्बरच्या जागी असता तर, अँडोर विचारते की बॉम्बर कुणाला हवा होता. घोरमन कोणता देश, यावर नेटवर मारामाऱ्या झाल्या, प्रत्येकाला आपापला देश सापडला.

आता बघायचं असेल तर कुठून सुरू करायचं, हे हमखास विचारतात. बॅटलस्टार मिनीसिरीजपासूनच बघा, तिसऱ्या सीझनला उडी मारली तर डक कुणीतरी अनोळखी माणूस वाटेल आणि मग सगळं फुकट. तिसरा सीझन सुरू करण्याआधी 'द रेझिस्टन्स' नावाचे छोटे छोटे वेबिसोड आहेत ते शोधा. डकची बायको नोरा कशी मेली ते त्यात आहे. सायलॉन देवळात गोळीबार करतात, आणि त्या देवळात शस्त्रं लपवून ठेवली होती, टाय आणि टायरलने. टायला माहीत होतं की असं काही झालं तर बंडात सामील होणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि ती वाढली, पहिल्यात डकच होता.